आणखी एक स्कॅन कशासाठी?

स्तनात गाठ हाताला लागल्यापासून बायोप्सीचा रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस कठीण असतात, पण त्या दिवसांत प्रश्न एकच असतो. कॅन्सर आहे असं कळलं की तो सुटतो आणि घर कसंबसं सावरू लागतं: ऑपरेशन कधी, केमो आधी की नंतर, रजा किती, मुलांच्या परीक्षा केव्हा. नेमक्या अशा वेळी फाईलवर आणखी एक ओळ येते. एमआरआय करून घ्या, किंवा बोन स्कॅन, किंवा पेट स्कॅन. लिहिणाऱ्यासाठी ती रोजची ओळ असते. जिच्यासाठी लिहिली तिला मात्र एकच शब्द ऐकू येतो: पसरलंय. भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाल्याचा जागतिक अंदाज आहे. म्हणजे ही धास्ती किती घरांत शिरत असेल ते पाहा. तिच्यावर आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरं मिळतात. 'मनात वाईट आणू नकोस' हे एक, आणि 'करून टाकू, म्हणजे खात्री होईल' हे दुसरं. माझ्या मते ही दोन्ही उत्तरं एकाच कारणाने अपुरी पडतात. या स्कॅनला कोणता प्रश्न विचारला आहे आणि उत्तर आल्यावर उपचारात काय बदलणार आहे, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. ते कळलं तर चिंता नाहीशी होत नाही, पण तिला आकार येतो, आणि आकार असलेल्या चिंतेसोबत दिवस काढता येतात.

प्रश्न वेगवेगळे असतात. ऑपरेशनपूर्वीचा स्तनाचा एमआरआय शरीरभर काय आहे ते पाहतच नाही. गाठ नेमकी किती मोठी, त्याच स्तनात आणखी कुठे काही आहे का, दुसऱ्या स्तनात आहे का, एवढंच तो शोधतो. लोब्युलर प्रकारचा कर्करोग असेल, बीआरसीए जनुकात दोष असेल, मॅमोग्राफीत नीट दिसू नये इतका स्तन दाट असेल, तर त्याला अर्थ आहे. सरसकट मात्र नाही. ब्रिटनमधल्या 'कॉमिस' चाचणीत १,६२३ स्त्रिया होत्या. एका गटाला नेहमीच्या तपासण्यांसोबत एमआरआय केला, दुसऱ्याला केला नाही. २०१० मध्ये निष्कर्ष आले तेव्हा पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण दोन्हीकडे सुमारे १९ टक्केच निघालं. बोन स्कॅन आणि पेट स्कॅनचा प्रश्न निराळा: आजार स्तन आणि काख ओलांडून पुढे गेला आहे का? कॅनडातल्या ऑन्टारिओत २००१ मध्ये मार्गदर्शक सूचना करताना आधीचे अभ्यास एकत्र मांडले गेले. बोन स्कॅनवर हाडांत आजार सापडण्याचं प्रमाण पहिल्या टप्प्यात अर्धा टक्का, दुसऱ्यात अडीच टक्क्यांच्या आसपास, तिसऱ्यात आठ टक्क्यांहून थोडं जास्त होतं. म्हणूनच अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये सांगितलं की सुरुवातीच्या टप्प्यातल्या, पसरण्याचा धोका कमी असलेल्या स्त्रियांना हे स्कॅन नेमाने करू नयेत. दुसऱ्या टप्प्यातल्या बाईला हा शंभरात अडीचचा हिशेब कुणी सांगितलेला नसतो, आणि भीतीने तिच्या मनात शंभरातले शंभर धरलेले असतात.

शिवाय स्कॅनवर दिसणारा प्रत्येक डाग कर्करोगाचा नसतो. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी ग्लुकोज टोचतात आणि जिथे साखर जास्त वापरली जाते तो भाग उजळतो. कर्करोगाच्या पेशी साखर वापरतात, तशा सुजेतल्या आणि जंतूंशी झुंजणाऱ्या पेशीही वापरतात. २०२१ मध्ये कोविडची लस घेतलेल्या कित्येकांच्या काखेतल्या ग्रंथी अशाच उजळल्या होत्या. आपल्या देशात क्षयरोग घरोघरचा. त्याने सुजलेल्या छातीतल्या ग्रंथी किंवा फुप्फुसातल्या बारीक गाठी हुबेहूब पसरलेल्या आजारासारख्या दिसू शकतात. बोन स्कॅनवर संधिवाताचा गुडघा आणि जुन्या फ्रॅक्चरची बरगडीही काळी उमटते. रिपोर्टमध्ये मग 'नक्की सांगता येत नाही', 'इतर तपासण्यांशी पडताळून पाहावे' अशी वाक्यं येतात. ती एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरसाठी लिहिलेली असतात, पण आपल्याकडे सीलबंद पाकीट नातेवाइकांच्या हाती पडतं आणि जिन्यातच फोडलं जातं. मन चिंती ते वैरी न चिंती, याचा अनुभव तिथे येतो. त्या एका डागासाठी पुढचा स्कॅन, मग कदाचित सुई. असा संशयास्पद डाग दिसू शकतो आणि बहुतेकदा त्याचं कारण साधं निघतं, हे आधीच सांगितलेलं असेल तर तोच रिपोर्ट वेगळ्या मनाने वाचला जातो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. हे पुरावे परदेशातले. आपल्याकडे अनेक स्त्रिया गाठ मोठी होऊन, काखेत ग्रंथी लागून, तिसऱ्या टप्प्यात येतात. त्यांना स्कॅन नको म्हणायचं का? मुळीच नाही. त्यांच्यासाठी तो आवश्यक आहे, आणि का आवश्यक आहे याचा फार मोलाचा पुरावा मुंबईतूनच आला. टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी निदानाच्या वेळीच आजार दूरवर पसरलेल्या ३५० स्त्रियांची चाचणी केली. स्तनातली मूळ गाठ काढल्याने त्यांचं आयुष्य वाढलं नाही, असा निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे अशा बाईला स्कॅनचं उत्तर आधी कळलं तर निष्फळ ठरणारं मोठं ऑपरेशन टळू शकतं. इथे स्कॅनच्या उत्तरावर निर्णय फिरतो. माझा आग्रह स्कॅन कमी करण्याचा नाही. निर्णय फिरणार की नाही हे तिच्यासमोर बोललं जावं, एवढा आहे.

उपचार संपल्यावरची मागणी अधिक अवघड. दर सहा महिन्यांनी पेट स्कॅन करा, निदान जिवाला घोर नको, असं कित्येकजणी स्वतःहून म्हणतात. ही मागणी मला पूर्ण समजते. पण १९९४ मध्ये इटलीतल्या दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या. एकीत १,३२० स्त्रिया होत्या, दुसरीत १,२४३. लक्षणं नसताना ठरावीक काळाने बोन स्कॅन आणि छातीचे एक्सरे करत राहिलेल्या गटात मृत्यूचं प्रमाण कमी झालं नाही. पहिल्या चाचणीत मनःस्वास्थ्य मोजलं होतं, त्यातही फरक पडला नाही. तेव्हाची यंत्रं आणि औषधं जुनी होती, हा मुद्दा खरा आहे आणि नव्या उपचारांनी हे चित्र उद्या बदलूही शकेल. अजून तरी ते बदललेलं दिसत नाही. मोजक्याच जागी पसरलेला आजार नेमक्या किरणोपचाराने जाळून काय होतं हे पाहणाऱ्या १२५ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत, २०२२ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार, आजार बळावण्याचा काळ लांबला नाही. उरलेल्या स्तनाची वर्षातून एकदा मॅमोग्राफी मात्र चुकवू नये. तिथे नवी गाठ लवकर सापडली तर ती बरी करता येते.

मग चिंतेचं काय करायचं? ऑस्ट्रेलियात २२२ जणांवर झालेल्या 'कॉन्कर फिअर' चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. समुपदेशकांनी रुग्णांना भीती खोटी आहे असं पटवलं नाही. भीतीकडे किती वेळ आणि कसं लक्ष द्यायचं, याचा सराव दिला. नुसत्या शिथिलीकरणापेक्षा त्याने पुन्हा आजार होण्याची भीती अधिक उतरली. असे समुपदेशक आपल्याकडे मोजके, ओपीडीत डॉक्टरांना वेळ नाही, हेही खरं. पण काय शोधतोय, सापडण्याची शक्यता किती, सापडलं तर काय बदलेल, हे सांगायला दोन मिनिटं लागतात, आणि ते परिचारिका किंवा समाजसेविकाही सांगू शकते. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत मुक्कामाला असलेल्या, गावाकडे मजुरी बुडवून आलेल्या कुटुंबासाठी आणखी एक स्कॅन म्हणजे आणखी काही दिवस आणि आणखी हजारो रुपये. त्यांचा या दोन मिनिटांवर सर्वांत आधी हक्क आहे.

घरच्यांचा आक्षेप वेगळाच असतो: तिला सांगू नका, ती खचेल. त्यामागे माया असते, यात शंका नाही. पण ज्या बाईने संसारभर सगळ्यांचे चेहरे वाचले, तिला मुलाने पाकीट बॅगेत सरकवलेलं दिसतंच, आणि मग ती एकटीच तर्क करत बसते. त्यापेक्षा स्कॅनच्या आधीच तिला विचारावं. रिपोर्ट शुक्रवारी संध्याकाळी मिळणार आणि डॉक्टर सोमवारी भेटणार असतील, तर तो शुक्रवारी आणायचा की सोमवारीच, घरी फोडायचा की डॉक्टरांसमोर, आणि आधी वाचायचा कुणी, हे तिचं तिने ठरवावं.