झाकण लावण्यापूर्वी

रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या धंद्यात एक गोष्ट विलक्षण आहे. गिऱ्हाईक संच आणते तेव्हा तो मुका असतो. नेते तेव्हा बोलत असतो. मधल्या वेळात आत काय घडले, हे त्याला कधीच कळत नाही. शिंप्याची शिवण डोळ्यांना दिसते, सुताराचा सांधा हाताला लागतो. आमचे काम मात्र झाकणाचे स्क्रू आवळले की अदृश्य होते.

वर्ध्याच्या एका दुकानात मी पोरवयात उमेदवारी केली. पहिला धडा सावधपणाचा. बटण बंद केले म्हणून विजेवरच्या संचावर विश्वास ठेवू नये, कंडेन्सरमध्ये विद्युत्‌भार साठून राहतो. चालू संच तपासताना एक हात खिशात ठेवावा, म्हणजे विजेला छातीतून वाट मिळत नाही. दुसरा धडा कानाचा. संच नुसताच घुमत राहिला, तर बहुधा फिल्टर कंडेन्सर गेलेला. थोपटल्यावर बोलू लागला, तर कुठेतरी टाका सुटलेला.

सेलूकडच्या एका शेतकऱ्याचा बॅटरीवरचा संच असाच थोपटल्यावर बोलला. मी टाका मारला. पाच मिनिटांचे काम. उस्तादांनी पैसे घेतले ते व्हॉल्व्हचे. एवढेच नव्हे, त्यांच्या खुणेसरशी मीच खणातला एक जुना, गेलेला व्हॉल्व्ह काढून "हा बदलला" म्हणून त्याच्या हातावर ठेवला. त्याने तो जपून धोतराच्या सोग्यात बांधला.

संध्याकाळी मी विचारले, तेव्हा उस्ताद म्हणाले, "पोरा, टाक्याला काय लागते? पण तो कुठे सुटला हे ओळखायला माझी वीस वर्षे गेली. वस्तूचे पैसे लोक देतात, अकलेचे देत नाहीत."

यात खोटे काहीच नव्हते. खोटा होता तो फक्त व्हॉल्व्ह.

याच वर्ध्यात ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योगातून शिक्षण हा विचार देशापुढे आला. हाताने काम करणाऱ्याची बुद्धी घडते, हे मला पटते. संचाला फसवता येत नाही. कच्चा टाका कितीही शपथा घेतल्या तरी बोलत नाही. परंतु वस्तूशी खरे वागणारा हात माणसाशीही खरे वागेलच, असे कुठे आहे? उस्तादांचा टाका कधी कच्चा नसे. पहिला खरेपणा विद्येने येतो, कारण तेथे खोटे तत्काळ उघडे पडते. दुसऱ्याची परीक्षा, जेथे ते कधीच उघडे पडणार नाही, तेथेच होते.

पुढे मी स्वतःचे दुकान काढले. दूरदर्शन संच आले, झाकणे मोठी झाली. मी गिऱ्हाइकासमोरच संच उघडी आणि सांगे, "टाक्याचे काही नाही, शोधण्याचे इतके." काहींनी दिले, पुष्कळजण हुज्जत घालून शेजारच्या दुकानात गेले. ते गेल्याचे मला वाईट वाटले नाही असे आज लिहिले, तर तेही झाकण लावणेच होईल.