दातांपलीकडचं तोंड

आमच्या अर्जुनी मोरगावात धानाची रोवणी असो की तेंदूपत्त्याचा हंगाम, पानठेल्यावर पन्नीत खर्रा घोटला जातोच. सुपारी, तंबाखू, चुना. चिमूट गालात ठेवली की तिचा तिथंच मुक्काम. त्रास गालाला, आणि आपली तक्रार मात्र फक्त दातांची!

दाढेसाठी दंतवैद्याच्या खुर्चीत बसलात, तरी सांगा, “डॉक्टर, सगळंच तोंड बघा.” काम दोन-चार मिनिटांचं. ओठ उलटून, गाल ताणून आतली बाजू पाहतात. जीभ कापडाच्या तुकड्यात धरून दोन्ही कडा तपासतात, जिभेखाली बोटानं चाचपतात, टाळू बघतात, मानेत गाठ आहे का तेही पाहतात.

पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तिखट लागताच होणारी आग, यांपैकी काहीही दिसलं तर दुखायची वाट पाहू नका. ही तोंडाच्या कर्करोगाची चाहूल असू शकते; सुरुवातीला तो बहुधा दुखत नाही, आणि माणूस गाफील राहतो.

“मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी,” असं म्हणणारेही या धोक्यात आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ च्या अहवालात नुसती सुपारीही कर्करोगकारक ठरवली आहे. सुपारीनं गाल आतून कडक होतात, तोंड कमी उघडतं. आपली तीन बोटं उभी तोंडात मावतात का, आज पाहा. मावत नसतील, तर खर्रा आजच सोडा आणि दवाखाना गाठा.