धुराचा धनी कोण?

मनुष्य आपल्या मालकीच्या वस्तूंची जितकी काळजी घेतो, तितकी त्या वस्तूंतून बाहेर पडणाऱ्या गोष्टींची घेत नाही. घराचा उंबरठा तो रोज सारवतो, सांडपाणी मात्र गल्लीच्या स्वाधीन करतो. मालकी कुठे संपते आणि जबाबदारी कुठे संपते, आणि या दोहोंच्या सीमा एकच असतात काय, हा नीतिशास्त्रातील फार जुना प्रश्न आहे. ग्रंथांच्या आधारे त्याचा विचार पुष्कळ झाला आहे. प्रस्तुत लेखात तो अंगणात उभ्या असलेल्या पिकअप गाडीच्या निमित्ताने करावयाचा आहे.

पांढुर्णा आणि सौंसर या आपल्या पट्ट्यात पिकअप हा संत्र्याच्या बागायतीचा जणू एक अवयवच होऊन बसला आहे. आंबिया बहाराची फळे साधारणतः ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत उतरतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. या दिवसांत गाडीला उसंत नसते. बागेतून गावात, गावातून मंडईत आणि पुढे थेट नागपूरपर्यंत तिच्या खेपा सुरू असतात. हंगाम ओसरला की राहिलेल्या दुरुस्त्या निघतात आणि त्यांत सायलेन्सरचे काम हमखास असते. गॅरेजची वाट न धरता घरातला एखादा हुन्नरी मुलगा स्वतःच पाना हाती घेतो आणि गाडीखाली शिरतो.

सायलेन्सर सडतो कशाने, हे समजून घेण्याजोगे आहे. इंधन जळताना धुराबरोबर पाण्याची वाफही तयार होते. गाडी लांब पल्ल्याला धावली तर नळी चांगली तापते आणि वाफ बाहेर निघून जाते. बाग ते गाव अशा चार-पाच किलोमीटरच्या खेपांत मात्र नळी पुरती तापत नाही. वाफेचे पाणी आतच साचते, त्यात धुरातील आम्लांश मिसळतो आणि ते पत्र्याला आतून खात राहते. बाहेरून चिखल आणि पावसाचे पाणी आपले काम करीतच असतात. मग एक दिवस गाडीचा आवाज बदलतो, जोडापाशी काजळी दिसू लागते आणि नळी बदलण्याची वेळ आल्याचे कळते.

हे काम घरी करण्यात कमीपणा काहीच नाही. उलट त्याला स्वतःची अशी प्रतिष्ठा आहे. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्री तेल सोडून ठेवावे लागते. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे लागते. गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी करून चाकांना ठोकळे लावावे लागतात आणि तिचे ओझे भक्कम लोखंडी घोड्यांवर तोलावे लागते. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणे म्हणजे जिवाशी खेळ. जुनी नळी रबरी हँगरांतून सोडवायची, जोडांना नवे पॅकिंग द्यायचे, सारे बोल्ट आधी सैल ठेवून नळी सरळ बसली याची खात्री करायची आणि मग पुढून मागे एकेक जोड आवळत जायचे. शेवटी उघड्यावर इंजिन सुरू करून कुठे धूर फुटतो काय हे पाहायचे. जो हे सर्व निगुतीने करतो, त्याच्या अंगी धीर आणि शिस्त या दोन्ही गोष्टी आपोआप मुरतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. गाडीचा प्रत्येक भाग कोणासाठी असतो? ब्रेक चालवणाऱ्याचा जीव राखतो, दिवा त्याला वाट दाखवतो, स्प्रिंगा त्याचा माल सांभाळतात. सायलेन्सर मात्र प्रामुख्याने इतरांसाठी असतो. धूर मागे जातो आणि चालवणारा पुढे पाहत असतो. गाडीच्या रचनेतच अशी सोय आहे की, जो धूर निर्माण करतो त्याला तो सहसा दिसत नाही.

तो कोणाच्या वाट्याला जातो? आपल्या भागात या प्रश्नाचे उत्तर शोधायला दूर जावे लागत नाही. नियमाने मनाई असली तरी तोडणीच्या दिवसांत पहाटे पिकअपच्या मागच्या भागात मजूर स्त्रिया दाटीवाटीने बसून बागेकडे निघालेल्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. नळीचा जोड मध्येच फुटलेला असला तर धूर त्यांच्या पायांखालून वर येतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू रंगहीन आणि गंधहीन असतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जखडला जातो. थंडीमुळे वरून ताडपत्री ओढून घेतली असेल तर धोका आणखी वाढतो. डिझेलचा धूर कर्करोगास कारणीभूत होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये दिला. काही तासांच्या मजुरीसाठी निघालेल्या त्या बायांना यातले काही सांगितले जात नाही आणि त्यांची संमतीही कोणी विचारत नाही.

कायद्याने या बाबतीत पुष्कळ विचार केला आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत असे बंधन आहे की, मोटारसायकलींसारखे अपवाद सोडता वाहनाचा धूर खाली जमिनीवर किंवा डाव्या बाजूस सोडला जाऊ नये. डावी बाजू म्हणजे आपल्याकडे रस्त्याच्या कडेची, पायी चालणाऱ्यांची बाजू. एका रूक्ष वाटणाऱ्या नियमात पादचाऱ्याविषयी एवढा कळवळा साठलेला आहे. शासकीय सेवेत अनेक नियम हाताळल्यानंतर मला वाटू लागले की, चांगला नियम म्हणजे न पाहिलेल्या माणसाची केलेली आठवण होय.

तरीही नियमाची धाव मर्यादित असते. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ही मानके देशभर लागू झाली. डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी आली. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तर त्याआधीपासून आहे; त्यातील प्लॅटिनमसारख्या मौल्यवान धातूंच्या थरावर विषारी वायूचे आणि न जळलेल्या इंधनाचे रूपांतर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यात होते. हे भाग महाग असतात. ते तुंबले की गाडीचा जोर कमी होतो. मग कोणीतरी सल्ला देतो की, मधला डबा काढून टाका, सरळ नळी बसवा, गाडी हलकी पळेल आणि डब्याला भंगारात वर पैसेही येतील. मालकाचा तोटा काहीच दिसत नाही. प्रदूषण तपासणीत डिझेल गाडीच्या धुराचा दाटपणा तेवढा मोजला जातो. न दिसणारे वायू तिथे निसटू शकतात. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर त्यात आले आणि जिल्ह्याचे ठिकाण आपल्या अधिक जवळ आले. पण कोणतेही कार्यालय इतके जवळ येत नाही की, अंगणात गाडीखाली निजलेल्या माणसाच्या हाताकडे ते पाहू शकेल. तिथे तो आणि त्याचा विवेक, दोघेच असतात.

कोणी पाहत नसताना माणूस कसा वागेल, हा प्रश्न प्लेटोने आपल्या ‘रिपब्लिक’ या ग्रंथात एका कथेच्या रूपाने मांडला आहे. एका मेंढपाळाला अदृश्य करणारी अंगठी सापडते आणि तो सत्ता बळकावण्यापर्यंत जातो. अशी अंगठी मिळाल्यावर कोणी न्यायी राहील काय, असा तिथे सवाल आहे. महाभारताच्या आदिपर्वात शकुंतला दुष्यंताला जे सुनावते, त्यात या सवालाचे एक उत्तर सापडते. आपल्याला कोणी पाहिले नाही असे मानू नकोस, सूर्य, चंद्र, वारा, अग्नी आणि स्वतःचे हृदयही साक्षीला असते, असा तिच्या बोलण्याचा आशय आहे. धुराच्या संदर्भात वाऱ्याची साक्ष तर अक्षरशः खरी ठरते, कारण आपण सोडलेले सारे तोच पुढे वाहून नेतो.

ही अंगठी केवळ गरिबाच्या अंगणात असते असे मात्र कोणी समजू नये. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन या जर्मन कंपनीचा प्रकार उघडकीस आला. तपासणी सुरू आहे हे ओळखून तेवढ्यापुरताच धूर स्वच्छ करणारी संगणकीय युक्ती जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांत बसवलेली होती. भांडवल, विद्या, प्रतिष्ठा यांपैकी तिथे कशाचीच वाण नव्हती. म्हणजे दारिद्र्य हेच अशा वर्तनाचे कारण, असे म्हणता येत नाही.

तथापि दोन आक्षेपांचा विचार प्रामाणिकपणे केला पाहिजे. पहिला असा की, महामार्गावरून रात्रंदिवस ट्रक धावतात, कारखाने धूर ओकतात. त्यात माझ्या एका नळीने काय बिघडणार? हा हिशेब धूर सगळीकडे सारखा पसरतो असे गृहीत धरतो. प्रत्यक्षात तो आधी जवळच्याला गाठतो. आकाशाच्या मानाने माझा धूर नगण्य असेल, पण मागे बसलेल्या बाईच्या श्वासात तो नगण्य नसतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. फळगळ झाली, भाव पडले, मुलांची फी भरायची आहे; अशा शेतकऱ्याने महागडा कन्व्हर्टर आणायचा कोठून? येथे उपदेश करणे सोपे आहे आणि म्हणूनच तो टाळावा. मला इतकेच वाटते की, कर्तव्याच्या पायऱ्या असतात. फुटलेला जोड बांधणे, नवे पॅकिंग टाकणे, नळीचे तोंड गाडीच्या मागे पुरते बाहेर येईल असे पाहणे, यांना फारसा पैसा लागत नाही. ते कोणालाही टाळता येऊ नये. नवा भाग आज आणता येत नाही ही अडचण आहे, पण चालू स्थितीतला भाग काढून भंगारात विकणे ही अडचण नव्हे, तो निर्णय आहे. नव्या गाड्यांतील गाळणी आणि तिचे सेन्सर हे घरच्या पान्याचे काम नाही, हे ओळखून जाणकाराकडे जाणे हाही कर्तव्याचाच भाग होय.

लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त, पुष्कळांचे पुष्कळ सुख या मोजमापावर नीती उभी राहू शकत नाही असे प्रतिपादन केले आणि आत्मौपम्य बुद्धीला महत्त्व दिले. दुसऱ्याचे सुखदुःख आपल्यासारखेच आहे असे जाणणे, हा तिचा सरळ अर्थ. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले गाडगेबाबा ज्या गावी जात, तिथे कीर्तनाआधी हाती खराटा घेत. तो खराटा दुसऱ्यांनी केलेल्या घाणीवर चाले. आपल्यापुढे तर स्वतःच्याच घाणीचा प्रश्न आहे.

आपल्या जुन्या घराण्यांपैकी अनेकांची बाग आज बटईने दिलेली असते, गाडी चालकाच्या हाती असते आणि मालक नागपुरात किंवा त्याहून दूर राहतो. त्याने गाडीखाली कधी वाकून पाहिलेले नसते. पण दुरुस्तीचा फोन आल्यावर तो ‘स्वस्तात उरकून टाक’ म्हणाला, की सरळ नळी बसवण्याचा निर्णय त्या तीन शब्दांतच झालेला असतो. पाना चालवणाऱ्या हाताइतकाच तो शब्दही धुराचा धनी आहे. म्हणून येत्या आंबिया बहाराआधी गाडी दुरुस्तीला निघेल तेव्हा मालकाने चालकाला किंमत विचारण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा: या गाडीच्या मागे, ताडपत्रीखाली, आपण आपल्या लेकीसुनांना बसवू काय? त्याचे जे उत्तर येईल, त्याप्रमाणे नळी बसवावी.