रुग्ण बालकाचा खेळ : एक भगवत्सेवा

चेन्नई नगरीतील जॉर्ज टाउन भागात थंबू चेट्टी मार्गावर श्रीकालिकांबेचे मंदिर आहे. दक्षिण-दिग्विजयाच्या समयी, १६७७ साली, श्रीशिवछत्रपतींनी येथे दर्शन घेतले, अशी परंपरा सांगितली जाते. जगन्मातेपुढे लेकरासाठी पदर पसरणारी माता मात्र राज्य मागत नाही. मूल पुन्हा अंगणात खेळावे, एवढेच ती मागते.

याच नगरीत अड्यार येथे १९५४ साली डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी कर्करोगाची संस्था स्थापिली. या व्याधीने त्यांची भगिनी हिरावली होती. आपल्या दुःखावरून जो सर्वांचे दुःख जाणतो तोच श्रेष्ठ योगी, असे श्रीभगवान सहाव्या अध्यायात सांगतात. शोकाचे असे सेवेत रूपांतर होणे, हाच तो योग होय.

बालकास कर्करोग झाला म्हणजे केवळ एक देह पीडित होत नाही. रक्ताच्या कर्करोगाचे उपचार बहुधा दोन-तीन वर्षे चालतात. शाळा सुटते, केस गळतात, सवंगडी दुरावतात. वस्तुतः हा रोग स्पर्शाने पसरत नाही. तरी शेजारी आपली मुले दूर ठेवतात. मातापिता रुग्णाच्या उशाशी असतात आणि निरोगी भावंड एकटेच कोमेजते.

हे जाणूनच अमेरिकेतील नट पॉल न्यूमन यांनी १९८८ साली दुर्धर व्याधिग्रस्त बालकांसाठी कनेक्टिकट राज्यात निःशुल्क शिबिर उघडले. तेथे वैद्य जवळ असतात, पण मूल क्षणभर रोगी नसते. ते पोहते, गाते, खेळते. आपल्याकडे सेंट ज्यूड ही संस्था २००६ पासून, प्रथम मुंबईत व पुढे चेन्नईसह अन्य नगरांत, परगावच्या अशा कुटुंबांना विनामूल्य निवारा देते. तेथे मुलांच्या शिक्षणाची व खेळाचीही सोय असते.

कोणी म्हणेल, ‘हे तर पूर्वकर्माचे फळ!’ कर्माची गती गहन आहे, असे स्वतः भगवंतच सांगतात. मग त्या गतीचा निवाडा दुःखी मातेच्या तोंडावर करण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? कर्माचा सिद्धांत स्वतःचे कर्तव्य ओळखण्यासाठी आहे, परक्याचे दुःख तोलण्यासाठी नव्हे.

दुसरा म्हणेल, ‘जिवावर बेतले असता खेळ कशाला?’ वेळेवर उपचार मिळाल्यास अनेक बालके बरी होतात. ज्यांचे दिवस थोडे, त्यांचे दिवसही भगवंताचेच आहेत. गोकुळात स्वतः खेळणाऱ्या त्या बालमुकुंदास रुग्ण बालकाचे हास्य अप्रिय कसे असेल?

म्हणून गृहस्थाश्रमी जनांनी एवढे तरी करावे. आप्तांत असे बालक असेल तर आधी विचारून भेटीस जावे. स्वतःस सर्दी-ताप असता मात्र जाऊ नये, कारण उपचारकाळी त्याची प्रतिकारशक्ती क्षीण असते. उपचार सोडून केवळ नवस करण्याचा सल्ला देऊ नये. रक्तदान करावे. त्याच्या भावंडास घरी बोलावून आपल्या मुलांच्या पंगतीस बसवावे. परतफेडीची अपेक्षा न धरता योग्य स्थळी, योग्य काळी, योग्य पात्री दिलेले दान सात्त्विक होय. आणि या सेवेत देश, काल व पात्र तिन्ही आपल्या दाराशीच उभी आहेत.