बांधाची रुंदी

आमच्या घराण्याची जमीन भीमेच्या खोऱ्यातील, सर्वस्वी पावसाच्या भरवशावरची. आजोबा आणि त्यांचे धाकटे बंधू यांच्यात तिची वाटणी झाली, तेव्हा दोन्ही तुकड्यांच्या मध्ये जो बांध राखला गेला तो इतका रुंद होता की, वडिलांच्या सांगण्याप्रमाणे, कडब्याने भरलेली बैलगाडी त्यावरून सहज जात असे. मी तो जाणतेपणी प्रथम पाहिला, तेव्हा त्यावरून एका माणसाला पावलापुढे पाऊल टाकीत तोल सावरूनच चालता येत होते. बांध अमुक वर्षी, अमुक दिवशी नाहीसा झाला असे गावातला कोणीही इसम शपथेवर सांगू शकला नसता. दरसाल नांगरटीच्या वेळी शेवटचे तास बांधाच्या पोटात किंचित शिरे, एकदा अलीकडून, एकदा पलीकडून, आणि पहिल्या पावसाने ती कड खचून ओळखू येईनाशी होई. आमच्याकडे याला 'बांध कोरणे' म्हणतात. लोभाविषयी लिहावे असे मनात आले, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे सावकाराची तिजोरी उभी राहिली नाही. हा कोरलेला बांध उभा राहिला.

एकदा हिशेब करून पाहावा. आपल्याकडील जुन्या मोजणीची साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागेचा गुंठा, आणि 40 गुंठ्यांचा एकर. आमचा बांध वीस साखळ्यांचा, म्हणजे 660 फूट लांब. नांगराचे तास नऊ इंच आत शिरले, तर हाती येणारी जमीन 495 चौरस फूट, अर्ध्या गुंठ्याहूनही कमी. वर्षानुवर्षे पायदळी तुडवून दगडासारख्या घट्ट झालेल्या त्या पट्टीत, पाऊस वेळेवर झाला तरी, सुपा-दोन सुपांत मावेल इतकीच ज्वारी यावयाची. एवढ्यासाठी सख्खे भाऊ एकमेकांच्या ओसरीची पायरी चढेनासे होतात, आणि एका घरच्या कार्यात दुसऱ्या घरी अक्षत जाईनाशी होते. ज्याअर्थी लाभ इतका क्षुल्लक असतो, त्याअर्थी लोभाचे मूळ लाभात शोधणे व्यर्थ आहे, या निष्कर्षापर्यंत मी बऱ्याच विलंबाने आलो. कारण लोभ म्हणजे पुष्कळ हवे असणे, आणि ज्याच्याजवळ पुष्कळ नाही तो लोभापासून आपोआपच सुरक्षित, अशी माझीही दीर्घकाळ समजूत होती.

पाणिनीय धातुपाठात 'लुभ्' हा धातू दोन ठिकाणी येतो. एके ठिकाणी त्याचा अर्थ 'गार्ध्य' असा दिला आहे, दुसऱ्या ठिकाणी 'विमोहन'. गार्ध्य हा शब्द ज्या 'गृध्' धातूचा, त्याच धातूचा 'गृध्र', म्हणजे गिधाड. हा पहिला अर्थ आपल्या चांगल्या परिचयाचा आहे; षड्रिपूंची यादी लहानपणी पाठ करताना आपण मनाशी रंगवतो ते चित्र या गिधाडाचेच असते. परंतु नित्याच्या व्यवहारात माणसाला गाठतो तो दुसरा अर्थ. विमोहन म्हणजे भ्रांती पडणे, दिशा चुकणे, समोरचे आहे तसे न दिसणे. बांध कोरणाऱ्या माणसाला आपण कोणाचे काही घेत आहोत असे क्षणभरही वाटत नाही. त्याला विचारा, तो सांगेल की मागच्या पिढीत पलीकडच्यांनीच आधी कोरला, मी माझे तेवढे परत घेतो आहे, वाटणीत चांगली काळी त्यांच्याकडे गेली आणि माळाची बाजू आमच्या पदरी पडली, विहिरीच्या खोदाईला पैसा आमचा लागला आणि पाणी सारखे वाटले गेले. यातील प्रत्येक तक्रार खरी असू शकते, आणि तीच गोष्ट भयंकर आहे. लोभ हावऱ्या मुद्रेने दारात उभा राहिला असता, तर बहुतेक सज्जनांनी त्याला ओळखून दार लावून घेतले असते. पण तो येतो तो न्यायाची फिर्याद घेऊन, जुन्या अन्यायाचे दस्तऐवज काखोटीला मारून, आणि आपण त्याला सन्मानाने आत घेऊन बसावयास पाट देतो. काट्यावर बोट ठेवणारा दुकानदार मनाशी बुडालेल्या उधारीचा हिशेब करीत असतो. मुलाचे वय कमी सांगून अर्धे तिकीट काढणारा बाप आजपर्यंत भरलेल्या करांचा. सर्वांचे कोणीतरी काहीतरी देणे लागत असते, आणि वसुली मात्र समोर जो सापडेल त्याच्याकडून होते.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली आहेत, त्यांत सीमाविवाद हे एक स्वतंत्र पद आहे. त्या ग्रंथातील पुष्कळ विधानांशी आज कोणाही विवेकी माणसाने सहमत होऊ नये. तथापि या प्रकरणात मनुष्यस्वभावाचे जे निरीक्षण आहे ते पाहून मी थक्क झालो. सीमेचा निवाडा ज्येष्ठ महिन्यात करावा, कारण त्या वेळी बांध स्पष्ट दिसतात. हद्दीवर वड, पिंपळ, पळस, सावर असे वृक्ष लावावेत. आणि एवढ्यावर विसंबून न राहता जमिनीच्या पोटात दगड, हाडे, गाईचे केस, कोंडा, राख, खापऱ्या, कोळसे अशा, मातीत लवकर न कुजणाऱ्या वस्तू गुप्तपणे पुरून ठेवाव्यात. साक्षीदारांनी तांबडी वस्त्रे नेसून, माळा घालून, मस्तकावर माती घेऊन सीमा सांगावी. जो झाड तोडील त्याच्यासाठी खापरी, आणि जो खापरीही उकरील त्याच्यासाठी डोक्यावरची माती, अशी ही योजना आहे; सीमा डोळ्यांदेखत पुसली जाते आणि पुसणाऱ्यालाही ते कळत नाही, हे तिच्या कर्त्यांनी पुरते ओळखले होते.

पुढे 1836 च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी पाहणी करून जमाबंदी बसविली, आणि त्या पद्धतीने शेताशेताला नंबर मिळाला, नकाशे झाले, हद्दीचे दगड रोवले गेले. 1947 साली तुकडेबंदीचा आणि एकत्रीकरणाचा कायदा झाला, सर्व्हे नंबरांच्या जागी गट आले. या कशाचीही योग्यता मी कमी लेखीत नाही. मोजणी झाली नसती तर दुबळ्याच्या वाट्याला काहीच उरले नसते. पण साखळीने बांधाची जागा ठरते, रुंदी राखावी लागते ती माणसांनाच.

आणि ती रुंदी काय होती! सातबाऱ्यावर लागवडीस निरुपयोगी जागेसाठी 'पोटखराबा' असा एक शब्द आहे, आणि बांध त्याच जातीचा, सरकारी दृष्टीने काही न पिकविणारा. वास्तविक आमच्या त्या बांधावर पवना आणि मारवेल हे गवत उभे असे, आणि आश्विनात दोन्हीकडचे बैल त्यावर पोसले जात. दोन बाभळी होत्या. नांगराचा इसाड, कुळवाचे दिंड, शेळ्यांना शेंगा, कुंपणाला काटे, हे सारे त्यांनीच पुरविले. एक बोर होती, तिची बोरे कोणाची हा प्रश्न माझ्या वडिलांच्या लहानपणी कोणाला पडला नाही. न्याहारीच्या वेळी दोन्ही घरच्या बायका तिथेच भाकरी सोडीत. मुख्य म्हणजे उताराची सगळी काळी माती तो बांध अडवून धरीत असे. तो अरुंद होत गेला तसतशी पावसाळ्यात जागोजाग भगदाडे पडू लागली, आणि दर वळवाच्या सरीबरोबर जी माती ओढ्याला वाहून गेली, तिच्यापुढे दोन्ही बाजूंनी कोरून मिळविलेली जमीन काहीच नव्हती. वाहून गेलेल्या मातीवरून मात्र दोन्ही घरांत कधी भांडण झाले नाही. ती कोणा एकाने नेलेली नव्हती, म्हणून ती गेल्याचे दुःखही कोणाला झाले नाही. विमोहनाचा याहून स्पष्ट दाखला मला ठाऊक नाही.

आजोबांच्या पश्चात त्यांचे दप्तर वडिलांनी माझ्या स्वाधीन केले. फेरफाराच्या नकला, शेतसाऱ्याच्या पावत्या, मोजणीचा नकाशा यांच्याबरोबर एकाच दोऱ्यात बांधलेले एक पोस्टकार्ड त्यात निघाले. ते धाकट्या आजोबांचे होते. दोघांची घरे एकाच आळीत, मध्ये चार दारे. पण बोलणे बंद झाल्यामुळे ते कार्ड तालुक्याला जाऊन, शिक्का घेऊन, परत त्याच आळीत आले होते. 'तीर्थस्वरूप दादा यांस शिरसाष्टांग नमस्कार' अशी सुरुवात करून त्यांनी लिहिले होते की, यंदाही आपल्या नांगराने बांध कोरला गेला आहे, तो पूर्ववत करावा, न केल्यास मोजणीचा अर्ज देणे मला भाग पडेल. आणि शेवटी, थोडी जागा सोडून, 'कृपा व लोभ असावा, ही विनंती'. आपल्या भाषेने माया आणि हाव या दोहोंना एकच शब्द दिला आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या आपण पत्राच्या अखेरीस तो मागत आलो आहोत. केवळ रिवाज म्हणून धाकट्या आजोबांच्या हातून तो उमटला असेल असे मला वाटत नाही. अक्षर इतर मजकुराहून सावकाश काढलेले आहे.

त्या ओळीच्या खाली जी जागा कोरी राहिली होती, तेथे माझ्या आजोबांच्या हाताने पेन्सिलीने हिशेब मांडलेला आहे: वीस साखळ्या, नऊ इंच, इतके आणे.