गांबियाला काय अधिकार?

तीन बाजूंनी सेनेगल, चौथीकडे अटलांटिक महासागर, मधून वाहणारी एक नदी आणि जेमतेम पंचवीस लाखांची वस्ती. या गांबियाने 11 नोव्हेंबर 2019 रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात म्यानमारवर दावा लावला. आरोप होता रोहिंग्यांच्या वंशसंहाराचा. ऑगस्ट 2017 नंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्या जीव मुठीत धरून पळाले, ते बांगलादेशात. गांबिया तिथून हजारो किलोमीटर दूर.

म्यानमारने नेमकं तेच विचारलं: यात तुमचं काय बिघडलं?

प्रश्न कायद्याच्या भाषेत मांडला गेला असला, तरी मुळात तो धर्माचा आहे. द्यूतसभेत द्रौपदीची विटंबना चालली असताना भीष्म-द्रोणांनी निषेध केला नाही. बोलला तो विकर्ण, दुर्योधनाचाच धाकटा भाऊ. त्याची बाजू उचलून धरताना विदुराने प्रल्हादाची कथा सांगितली. अधर्म सभेने रोखला नाही, तर निम्मं पाप सभेच्या प्रमुखाचं, पाव करणाऱ्याचं आणि पाव निषेध न करणाऱ्या सभासदांचं. म्हणजे गप्प बसणाऱ्याचा वाटा प्रत्यक्ष करणाऱ्याएवढाच! या हिशेबाने पाहिलं, तर ज्याचं काही बिघडलेलं नाही त्यालाही बोलण्याचा नुसता अधिकार नाही, ते त्याचं कर्तव्यच ठरतं.

आंतरराष्ट्रीय न्यायालयाला हे मानायला फार वेळ लागला. नैर्ऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात, दक्षिण आफ्रिकेने लादलेल्या वर्णभेदाविरुद्ध इथिओपिया आणि लायबेरिया 1960 मध्ये न्यायालयात गेले. 1966 मध्ये न्यायाधीशांची मतं सात-सात अशी विभागली. अध्यक्ष पर्सी स्पेंडर यांच्या निर्णायक मताने दावा निकाली निघाला: या विषयात तुमचा स्वतःचा कायदेशीर हितसंबंध नाही. आफ्रिकेला हा निकाल फार लागला, आणि लागायलाच हवा होता. चारच वर्षांनी, बार्सिलोना ट्रॅक्शन खटल्यात, याच न्यायालयाने म्हटलं की काही बंधनं साऱ्या जगाप्रती असतात. वंशसंहार न करणं हे त्यांतलंच. पुढे 22 जुलै 2022 रोजी पंधरा विरुद्ध एक मतांनी गांबियाचा दावा ग्राह्य धरला गेला.

या दाव्यामागे एका माणसाची नजर आहे. मे 2018 मध्ये इस्लामी सहकार्य संघटनेच्या ढाक्यातल्या परिषदेला गांबियाच्या परराष्ट्रमंत्र्यांऐवजी न्यायमंत्री अबुबकर तंबादू गेले. बांगलादेशातल्याच कॉक्स बाजारच्या छावण्यांत त्यांनी निर्वासितांच्या तोंडून जे ऐकलं ते त्यांना नवं नव्हतं. रवांडातल्या वंशसंहाराचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणात त्यांनी काम केलं होतं.

गांबियाचं स्वतःचं घर तरी कुठे स्वच्छ होतं? याह्या जामेंच्या बावीस वर्षांच्या राजवटीतला छळ आणि खून यांची चौकशी करणाऱ्या आयोगापुढे त्याच 2019 मध्ये देशात साक्षी चालू होत्या. पण यामुळे गांबियाची तक्रार हलकी होत नाही. जुलूम भोगलेल्या देशाने दुसरीकडचा जुलूम ओळखला, याने ती उलट वजनदारच होते.

भारताने 1959 मध्ये वंशसंहारविरोधी कराराला मान्यता दिली ती एक अट घालून: असा वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायचा तर प्रत्येक वेळी सर्व संबंधित पक्षांची संमती हवी. वाद न्यायालयात नेण्याविषयीच्या कराराच्या नवव्या कलमावर म्यानमारने अशी अट घातली नव्हती, म्हणून गांबियाला दार उघडं मिळालं. भारताची अट दोन्हीकडून लागू होते. भारताच्या संमतीशिवाय कुणाला भारतावर असा दावा लावता येत नाही आणि समोरच्याच्या संमतीशिवाय भारतालाही तो कुणावर लावता येत नाही. विकर्णाची गोष्ट घरोघरी ठाऊक असलेल्या देशाने ती अट आता मागे घ्यायला हवी.