सुरकुत्यांचा जमाखर्च

माणसानं खोटं बोलू नये हे मला तत्त्वतः मान्य आहे. पण माणसाच्या चेहऱ्यानं खोटं बोलावं की नाही? हा प्रश्न माझ्यापुढं एका बाटलीनं टाकला. बाटली ३० मिलिलिटरची, किंमत २,१०० रुपये. वय लपवणारं सीरम! सौ.च्या कपाटात, लग्नातल्या शालूच्या घडीत ती काळ्या पैशासारखी दडवलेली होती.

"अहो, सगळ्याच जणी लावतात."

"म्हणजे सगळ्याच जणी जगाला फसवतात!"

तिनं माझ्या मिशीकडं पाहिलं. नुसतं पाहिलं. या मिशीला दर दुसऱ्या रविवारी कलप लागतो, हे जगात आम्हा दोघांनाच ठाऊक आहे. नैतिक चर्चा तिथंच तहकूब झाली आणि मी आर्थिक बाजूकडं वळलो. आम्हा कॉमर्सवाल्यांना तेच बरं पडतं.

सीरममध्ये क जीवनसत्त्व असतं म्हणतात. ते लिंबातही असतं आणि लिंबाला कोणी २,१०० रुपये मागत नाही. रविवारी सकाळी कागदी लिंबाची फोड गालांवर चोळली आणि तसाच उन्हातून मंडईत गेलो. दोन दिवसांनी दोन्ही गालांवर तपकिरी नकाशे उमटले. लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आलं की कातडी भाजते, हे डॉक्टरांनी फी घेऊन सांगितलं. काउंटरवरचे एक पेन्शनर म्हणाले, "साहेब, हयातीचा दाखला यंदा तुम्हीच द्या."

डॉक्टर मात्र सज्जन. म्हणाले, खरा चोर ऊन आहे. ते काचेतूनही आत येतं. (माझं टेबल खिडकीशी आहे. माझा डावा गाल उजव्यापेक्षा थोरला का दिसतो, ते तेव्हा कळलं.) ऑस्ट्रेलियात ९०० वर माणसं साडेचार वर्षं तपासली, त्याचा निष्कर्ष २०१३ साली छापून आला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची कातडी तेवढ्या काळात म्हातारी झालेली दिसली नाही. तेव्हा छत्री, सनस्क्रीन, आणि ओलसर तोंडावर थोडं ग्लिसरीन. वर हिच्यासाठी काही हवंच असेल, तर तिला तपासून ट्रेटिनॉइनची ट्यूब लिहून देता येईल. मूळ औषध मुरुमांचं, पण सुरकुत्यांवरही चालतं. किंमत सीरमच्या दहाव्या हिश्शाइतकी!

मी खूश. एवढं स्वस्त कसं, म्हणून रात्री वाचत बसलो, आणि झोप उडाली. हे औषध कातडीसाठी पुढं आणणारे डॉक्टर म्हणजे अमेरिकेतले अल्बर्ट क्लिगमन. फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात त्यांनी १९५१ ते १९७४ पर्यंत कैद्यांच्या कातडीवर नाना प्रयोग केले. कैद्यांना थोडेफार डॉलर मिळायचे, आणि पाठीवर चट्टे. त्या शहरानं माफी मागितली ती २०२२ साली.

आता ती ट्यूब घ्यावी की नाही? न घेतल्यानं कोणा कैद्याची पाठ बरी होत नाही. घेतली, तर आपण त्या चट्ट्यांचे वारसदार. बी.कॉम.ला शिकलो होतो की एका खात्यात जमा दिसली, की दुसऱ्या कुठल्यातरी खात्यात नावे टाकलेली असणारच. तेव्हा ते मार्कांपुरतं पाठ केलं होतं.

सकाळी मी चहाबरोबर हिच्यापुढं हिशेबाचा कागद ठेवला. छत्री, ग्लिसरीन, ट्यूब (विचाराधीन). निव्वळ बचत सोळाशे रुपये. तिनं तो नीट वाचला आणि शांतपणे म्हणाली, "ही बाजू झाली. दुसरी कुठंय?"

"कुठली?"

"सुरकुत्या आल्या कुठून, ती."

माझी आई तीन वर्षं अंथरुणाला खिळून होती. रात्री उठायची ती ही, मी नव्हे. माझी बदली झाली तेव्हा चार वर्षं दोन्ही पोरं एकटीनं सांभाळली. कपाळावरची ती मधली आडवी रेघ तेव्हाची असावी, कारण आधीच्या फोटोत ती नाही. मी रात्री अल्बम काढून पाहिलं. तेव्हाचा माझा चेहरा तर चांगला तुकतुकीत दिसतो.

ट्यूबचा निर्णय अजून झालेला नाही. सीरमची बाटली आता आरशापुढं उघड्यावर असते, शेजारी माझा कलप. आणि बँकेत जाताना मी छत्री घेतो. घरात एकच आहे, गुलाबी फुलांची.